परसाचा इतिहास

महाराष्ट्राच्या इतिहासाचीं साधनें गोळा करण्याच्या कामीं गेल्या शंभर-दीडशें वर्षांत जो उद्योग झाला, तो कोणत्याही प्रांताला भूषणावह वाटावा असाच आहे. ताम्रपट वाचले गेले, सनदा व महजर छापून निघाले, किल्ल्यांच्या तटांचीं मापें घेण्यांत आलीं, आणि लढायांच्या तिथींवरून विद्वानांत दुसऱ्या लढाया झाल्या. परंतु ज्या माणसांच्या जिवावर हीं राज्यें उभीं राहिलीं, तीं माणसें भाकरीशीं कालवण म्हणून काय खात होतीं, आणि तें कोठून येत होतें, असा साधा प्रश्न विचारला असतां दप्तरें मुकीं होतात. ज्वारीची धारण मिळते, गुळावरची जकात मिळते, आमराईचे तंटे तर हवे तितके मिळतात. पण घरामागच्या चार वाफ्यांचा आणि मांडवावर चढलेल्या एका दोडक्याच्या वेलाचा हिशेब कोणींच लिहून ठेवलेला नाहीं. तो हिशेब जमेल तितका जुळवून पाहावा, आणि त्यांतून आजच्या वाचकानें घेण्याजोगें कांहीं निघतें कीं काय तें तपासावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

दप्तरांच्या या मौनाचीं कारणें आम्हांस तीन दिसतात. पहिलें असें कीं, सरकारचें दप्तर कराच्या पाठोपाठ चालतें. जिरायत, बागायत, नारळी-पोफळीचें आगर यांवर सारा बसे, म्हणून त्यांची मोजणी झाली. गांवठाणांतील घरामागच्या तुकड्यावर वेगळा सारा सहसा बसत नसे, म्हणून त्यांत काय पिकतें हें मोजण्याची गरज कोणाला भासली नाहीं. दुसरें कारण भाजीच्या स्वभावांतच आहे. ती नाशिवंत वस्तु. सकाळीं खुडावी, दुपारीं संपावी. तिचीं कोठारें होत नाहींत. तिसरें कारण हें कीं, ज्या हातांनीं परस राखलें ते हात बहुतेक बायकांचे होते, आणि त्या हातांत लेखणी नव्हती. कर नाहीं, सांठा नाहीं, लेखणी नाहीं; मग आडांतच नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, आडांत पाणी आहे. पोहरा मात्र निराळ्या बाजूनें सोडला पाहिजे.

जमिनीपासूनच आरंभ करूं. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून सुमारें पंधरा वर्षें उत्खनन केलें, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वसाहत उजेडांत आणली. त्यांचीं घरें, चुली, मृतांना घराच्या जमिनींतच पुरण्याची चाल, हें सारें कळलें. जळून कोळसा झालेले जवाचे, गव्हाचे व कडधान्यांचे दाणेही हातीं आले. दाणा जळला म्हणूनच तो टिकला, ही यांतील गंमत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पालेभाजी जळली तर राख होते आणि कुजली तर माती होते. तेव्हां इनामगांवच्या बायका कोणता पाला शिजवीत होत्या हें कुदळ सांगूं शकत नाहीं. पण नुसत्या दाण्यांवर कोणतीही वस्ती शतकानुशतकें जगत नाहीं, इतकें कुदळीशिवायही कळतें.

जमिनीकडून ग्रंथांकडे वळल्यास थोडा अधिक प्रकाश पडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीताध्यक्षानें, म्हणजे सरकारी शेतीच्या अधिकाऱ्यानें, धान्याबरोबर फुलें, फळें, शाक, कंद, मुळें व वेली यांचींही बियाणें वेळच्या वेळीं जमवावीं असें सांगितलें आहे. आणि कोणती जागा कशाला योग्य हेंही पुढें दिलें आहे. नदीच्या फेंसाळ पाण्यानें भिजणारा कांठ वेलींच्या फळांना, आणि विहिरीच्या आसपासची जागा भाज्यांना व मुळांना. आज खेड्यांतून हिंडल्यास विहिरीच्या कडेला मुळा-मेथीचे वाफे आणि नदीच्या वाळवंटांत काकडी-कलिंगडाच्या वाड्या दिसतात. मध्यंतरीं राज्यें किती उलथलीं! वाफ्याची जागा मात्र हालली नाहीं.

परंतु कौटिल्याचें लक्ष सरकारी शेतावर होतें. खास घरच्या परसाचा उल्लेख पाहावयाचा तर वात्स्यायनाच्या कामसूत्राकडे जावें लागतें. या ग्रंथाचें नांव निघतांच पुष्कळांच्या भिवया चढतात. पण त्याच्या चौथ्या अधिकरणांत गृहिणीचीं कर्तव्यें सांगतांना परसाचें जें वर्णन आलें आहे, तें कोणाही संसारी माणसानें वाचावें असें आहे. भाजीपाल्याचे, उंसाचे, जिऱ्या-मोहरीचे वाफे करावे, मध्यें विहीर किंवा तळें खणवावें, असें सांगून वात्स्यायन एक लांबलचक यादी देतो. तींत मुळा आहे, काकडी आहे, वांगें, कोहळा, दुध्या, सुरण, लसूण, कांदा आहे. आणि या सर्वांचीं बियाणें गृहिणीनें संग्रहीं ठेवून योग्य वेळीं पेरावीं, असा त्याचा दंडक आहे. आमच्या दृष्टीनें या यादीपेक्षां हा दंडक मोठा. बीं राखणें हें जसें राजाच्या अधिकाऱ्याचें काम होतें, तसेंच तें घरच्या बाईचेंही काम होतें, याचा हा लेखी दाखला होय.

हें परस चालत असे तरी कसें? देशावरच्या गांवांत पाण्याचें दुर्भिक्ष. आडावरून डोक्यावर आणलेलें पाणी थेट भाजीला घालणें म्हणजे उधळपट्टी. म्हणून तेंच पाणी दोनदां कामीं येई. न्हाणीचें व भांडी घासल्याचें सांडपाणी मागें वाट काढून दिलेलें असे, आणि तेथें अळूं, केळ व कर्दळ उभीं असत; ज्यांना पाय ओले लागतात त्यांना पहिलें पाणी. त्यापुढें मिरची-वांग्यांचीं आळीं. चुलीची राख मावा पडलेल्या पानांवर टाकावयाची; गोठ्यांतलें शेण व घरचा केरकचरा उकिरड्यांत कुजवून वाफ्यांत मिसळावयाचा. मृगाच्या पावसाबरोबर कुंपणाच्या कडेनें दोडका, पडवळ, कारलें, घोसाळें, काकडी यांच्या बिया टोंचावयाच्या, म्हणजे श्रावण-भाद्रपदांत मांडव लवून जाई. पावसाळा सरला कीं मेथी, मुळा, कोथिंबीर, थंडींत वाल-पावटा, आणि उन्हाळ्यांत, जेव्हां दुसरें कांहीं उगवत नसे, तेव्हां शेवग्याच्या शेंगा. या व्यवहारांत कोठें पैसा दिसत नाहीं, म्हणूनच हिशेबाच्या वह्यांतही तो दिसत नाहीं.

पण या साऱ्याचें मर्म बियांत होतें. काकडीचें बीं राखावयाचें तर वेलावरचें जोमदार फळ चिंधी बांधून सोडून द्यावयाचें. तें पिवळें होऊन पार पिकलें म्हणजे बिया धुऊन वाळवावयाच्या. कोणी त्या शेणाच्या गोळ्यांत दाबून भिंतीवर थापून ठेवीत, कोणी राखेंत घोळून मडक्यांत, कोणी वाळलेल्या दुध्याच्या पोकळ कवचांत. किडीला राख व शेण आवडत नाहीं हें अनुभवानें ठाऊक होतें. वांगें व वाल यांच्या फुलांत बहुतांशीं स्वतःच्याच परागानें फळ धरतें, म्हणून त्यांचें बीं आईसारखें निपजतें. भोपळा, काकडी, मुळा हीं मात्र शेजारच्या वाणाशीं मिसळतात, म्हणून त्यांच्या बाबतींत दरसाल निवड करावी लागते. परागाचें शास्त्र कोणी शिकविलें नव्हतें. पण कडू निघालेल्या काकडीचें बीं ठेवावयाचें नाहीं, लवकर धरणाऱ्या वेलाचें ठेवावयाचें, हा नेम पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. शेजारणींत या बियांची देवघेव होई, विक्री नव्हे. आणि माहेरचें बीं लेकीबरोबर सासरच्या परसांत जाई. एकेका गांवचें वांगें निराळ्या चवीचें, एकेका खोऱ्याचा वाल निराळ्या रंगाचा, हें वैभव या निवडीनें उभें केलें. त्यावर कोणाचेंही नांव कोरलेलें नाहीं.

आतां वात्स्यायनाच्या यादींतील एका नांवाकडे पुन्हा वळूं. तींत 'आलुक' असा एक कंद येतो. १८८३ मध्यें बर्टन व आर्बथनॉट यांच्या खटपटीनें जें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें, त्यांत त्याचा अर्थ बेधडक बटाटा असा दिलेला आहे! बटाट्याला दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून उतरून समुद्र ओलांडावयास त्या काळीं हजार वर्षांहून अधिक अवधि होता. आलुक म्हणजे आपल्याकडचाच कोणता तरी कंद असला पाहिजे. पण भाषांतरकारांना हंसण्यापूर्वीं आपण आपल्या ताटाकडे पाहावें. तीच चूक आपणही रोज करीत असतों.

संत सांवता माळी यांचें उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यांत माढा तालुक्यांतील अरण हें त्यांचें गांव. शके १२१७ मध्यें, म्हणजे १२९५ मध्यें, ते समाधिस्थ झाले असें परंपरा सांगते. आपल्या मळ्यांतच ज्यांना विठ्ठल दिसला, असे हे संत. त्यांच्या नांवावर असलेल्या एका सुप्रसिद्ध अभंगांत भाज्यांचीं नांवें येतात, आणि त्यांत मिरचीही येते. आतां मिरची ही मूळची अमेरिकेची. कोलंबस १४९२ मध्यें तेथें पोंचला, वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतला उतरला, आणि १५१० मध्यें गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. त्यापूर्वीं हिंदुस्थानांत मिरचीचें रोप असणें शक्य नव्हतें. मग सांवतोबांच्या मळ्यांत ती उगवली कोठून? मूळ शब्द दुसरा असून गाणाऱ्यांच्या तोंडीं तो बदलला असेल, किंवा हें नांव दुसऱ्याच एखाद्या तिखट वस्तूचें असेल. कोणताही तर्क धरला तरी निष्कर्ष एकच: पुढच्या पिढ्यांनीं हा अभंग गातांना कोणालाही मिरची खटकली नाहीं. ती परकी आहे ही आठवणच पुसून गेली होती.

ही आठवण इतक्या लवकर कशी पुसली गेली, हा आमच्या मतें या इतिहासांतील मुख्य प्रश्न आहे. मिरची येण्यापूर्वीं आपल्या जेवणांत तिखटपणा होता तो मिऱ्याचा, आल्याचा व मोहरीचा. मिऱ्याचा वेल मलबार-कोंकणाच्या पावसावर वाढणारा. देशावरच्या कुणब्याला मिरें विकतच घ्यावें लागे. मिरचीचें तसें नाहीं. ती आडाच्या सांडपाण्यावर वाढते, एका फळांत कितीतरी बिया देते, आणि ते फळ उन्हांत वाळविलें कीं बीं आपोआप राखलें जातें. तेव्हां गरिबाच्या भाकरीला तिखटाची जोड प्रथमच फुकट मिळाली. मिऱ्याच्या व्यापारासाठीं युरोपांतील राष्ट्रांनीं जगाला वळसा घातला, आणि त्याच गलबतांतून मिऱ्याची सवत येऊन ती आपल्या परसांत रुजली! नांवही तिनें मिऱ्याचेंच घेतलें: मरीच, मिरी, मिरची. गंमत अशी कीं, स्पेनच्या लोकांनींही आपल्या भाषेंत हाच प्रकार केला; मिऱ्याला ते पिमिएंता म्हणत, त्यावरून मिरचीला पिमिएंतो म्हणूं लागले.

याच्या उलट बटाट्याकडे पाहा. तोही त्याच खंडांतून आला, आणि त्याचें नांव तर आपण पोर्तुगीजांकडून जसेंच्या तसें उचललें. पण बटाटा बियांपासून नव्हे, कंदापासून लावावयाचा. आणि तो कंद आपल्या उन्हाळ्यांत घरीं टिकत नाहीं, सडतो किंवा अवेळीं कोंब धरतो. म्हणून तो थंड जागा शोधीत राहिला. महाबळेश्वरीं १८३४ मध्यें जो तुरुंग झाला, त्यांत चिनी व मलायी कैदी आणून ठेवण्यांत आले होते. त्या थंड हवेंत बटाटे व विलायती भाज्या पिकवून त्यांनीं इंग्रज साहेबांचीं टेबलें सजविलीं. घरापासून हजारों कोस दूर नेलेल्या या बंदिवानांचें नांवनिशाण आज कोठें नाहीं. त्यांच्या हातच्या वाफ्यांचा लौकिक मात्र त्या डोंगरावर राहिला. कोबीचीही तीच गति. नांव पोर्तुगीज 'कोव्ह' वरून आलेलें. पण बीं धरण्यास त्याला दीर्घ थंडी लागते, ती आपल्या सपाटीवर मिळत नाहीं, म्हणून बियाणें सदैव बाहेरून आणावें लागलें. परिणाम असा कीं बटाटा व कोबी बाजारांतून घरांत आले. परसांत त्यांचा जम बसला नाहीं.

लाल भोपळा, रताळें, फरसबी हींही अमेरिकेंतलींच. पण तीं घरच्या बियांवर वा वेलाच्या तुकड्यांवर वाढतात, म्हणून तीं चटकन् घरचीं झालीं. भोपळ्यांत बसून लेकीच्या घराहून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगतांना तो भोपळा कोठला, हें कोणी विचारीत नाहीं. भाषेची साक्षही याच बाजूची आहे. अळवावरचें पाणी, विळ्या-भोपळ्याचें सख्य, आवळा देऊन काढलेला कोहळा, साखरेंत घोळूनही कडू राहिलेलें कारलें, हीं जुन्या रहिवाशांचीं नांवें झालीं. पण नाकाला झोंबणाऱ्या मिरच्याही त्यांच्या पंक्तीला येऊन बसल्या आहेत. बटाट्याला भाषेनें असा पाट अजून मांडलेला दिसत नाहीं. आणि पाहुणे केवळ इकडेच आले असेंही नाहीं. वांगें हें आपलें. तें इराणांत बादिंगान झालें, अरबांकडे बादिंजान झालें, पोर्तुगालांत बेरिंजेला झालें, आणि त्या नांवाचा ब्रिंजल होऊन इंग्रजांबरोबर परत आपल्याच दारांत उभें राहिलें. मामाच्या घरीं गेलेला भाचा नवा अंगरखा घालून परत यावा, तसा हा प्रकार.

धर्माचाराकडे पाहिलें तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचें अन्न खावयाचें नाहीं असा नेम आहे. नांगर लागला नाहीं असें अन्न म्हणजे परसांतलें; म्हणून त्या दिवशींची भाजी ही खऱ्या अर्थानें परसाची पूजा होय. वर्षांतून एक दिवस तरी आपल्या लोकांनीं या दुर्लक्षित तुकड्याला शास्त्राचा मान दिला. पण त्याच भाजींत आज अळवाशेजारीं लाल भोपळा व मक्याचें कणीस सुखानें शिजतें. उपवासाचें तर विचारूंच नये. एकादशीला तांदूळ व गहूं वर्ज्य, चातुर्मासांत कांदा, लसूण व वांगें वर्ज्य. म्हणजे जे या मातीचे जुने रहिवासी त्यांनाच बंदी. आणि चालतें काय? बटाटा, रताळें, शेंगदाणा, हिरवी मिरची, व टॅपिओकाच्या कंदापासून केलेला साबुदाणा. हे पांचही मूळचे अमेरिकेचे! ज्यांनीं निषेधाच्या याद्या केल्या त्यांना हीं नांवें ठाऊक नव्हतीं, म्हणून तीं सुटलीं. यांत धर्माची थट्टा करण्याचा आमचा उद्देश नाहीं. उलट, ज्या समाजानें पंक्तींत कोण बसावें याचे इतके कडक नियम केले, त्याच समाजाच्या परसानें कोणत्याही रोपाला त्याची जात विचारली नाहीं, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें.

येथें एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. परस हें सर्वांच्या वांट्याला आलेलें नव्हतें. गांवकुसाबाहेरच्या वस्तीला घरामागें जागा नव्हती, आणि आडावरचें पाणी भरण्याची मोकळीकही नव्हती. ज्या समाजाला पिण्याच्या पाण्यासाठीं १९२७ मध्यें महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्यानें भाजीचे वाफे कोठल्या पाण्यावर भिजवावे? त्या घरांतील बायकांनीं टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा अशा आपोआप उगवणाऱ्या पाल्यावर दिवस काढले. त्या पाल्याची ओळख हीही एक विद्याच होती, आणि तिचीही नोंद झाली नाहीं. परसाचा इतिहास लिहावयाचा तर त्यांत हें पान असलेंच पाहिजे.

राज्यकर्त्यांची नजर परसाकडे वळते ती दोनच वेळीं. लुटीच्या भीतीनें किंवा उपासमारीच्या भीतीनें. पहिल्याचा उत्तम दाखला शिवछत्रपतींच्या पत्रांत आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडे छावणींत असलेल्या लष्कराला त्यांनीं बजावलें कीं कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, गवत, सरपण, भाजी असें कांहीं उचलून आणूं नये. आणि १६७६ मध्यें प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहितांना रयतेच्या भाजीच्या देठाचाही लोभ धरूं नये इतकी सूक्ष्म ताकीद दिली. राजाला देठ दिसला, कारण रयतेचें सर्वस्व केवढें लहान असतें हें त्याला ठाऊक होतें. दुसऱ्या भीतीचा दाखला गेल्या महायुद्धाचा. १९३९ मध्यें इंग्लंडांत विजयासाठीं परसें खणण्याची मोहीम निघाली. अमेरिकेंत १९४३ च्या सुमारास अशा सुमारें दोन कोटी बागा झाल्याचा अंदाज आहे. आणि हिंदुस्थानांतही १९४२ पासून अधिक धान्य पिकविण्याचा पुकारा सुरू झाला. तरीही १९४३ मध्यें बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. पेरणीचा पुकारा एकट्यानें कोणाचें पोट भरीत नाहीं, हा धडा त्या वर्षानें दिला. युद्ध संपलें तशी सरकारांची नजर पुन्हा दुसरीकडे वळली.

आतां या साऱ्या पाहणीचें सार सांगतों. आपली भाजी कोणती व परकी कोणती, याचा निवाडा जन्मभूमीवरून करूं गेल्यास आपलें ताट अर्धें रिकामें होईल. परसानें हा निवाडा निराळ्या कसोटीवर केला: जिचें बीं आपण राखलें ती आपली. मिरची चारशें वर्षांत इतकी आपली झाली कीं संतवाणींतही ती शोभली. कारण प्रत्येक घरानें दरसाल तिचें बीं राखलें. आणि ही कसोटी खरी मानली, तर आजची स्थिति चिंतेची आहे. कारण जें वांगें या भूमीवर कित्येक हजार वर्षें नांदत आलें, तेंच आज बहुतेक ठिकाणीं पाकिटांतून विकत येतें.

संकरित बियाण्याचा द्वेष आम्हांस करावयाचा नाहीं. दोन निवडक वाणांच्या संयोगानें होणारें हें बियाणें जोमदार असतें, फळें सारखीं व भरपूर देतें, आणि वाढत्या शहरांच्या मंडया त्यानें भरल्या, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण त्याच्या फळांतलें बीं पुन्हा पेरलें तर पीक एकसारखें निपजत नाहीं. कोणी आजोबांवर जातें, कोणी आजीवर. म्हणून दर हंगामाला दुकानाची वाट धरावी लागते. शेतकऱ्याला परवडत असेल तर त्यानें तसें जरूर करावें. प्रश्न आहे तो एवढाच कीं, बीं राखण्याची संवय मोडली म्हणजे तिच्याबरोबर निवडीची विद्याही जाते, आणि गांवोगांवचे निराळे वाण मुकाट्यानें नाहींसे होतात. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्याला आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. पण ज्याचें बींच उरलें नाहीं त्यानें हा हक्क कोठें पेरावा? दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढींत गोठणबिंदूच्या पुष्कळ खालच्या थंडींत हजारों वाण जपलेले आहेत, ही समाधानाची गोष्ट खरी. तथापि कपाटांतलें बीं दरसालच्या पावसाशीं व किडीशीं ओळख ठेवीत नाहीं. ती ओळख वाफ्यांतच राहते.

ही विद्या अगदींच संपलेली नाहीं, याचा एक पुरावा सह्याद्रीच्या पायथ्याशीं सांपडतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं वाल-घेवड्यासारख्या भाज्यांचे गांवरान वाण गोळा करून त्यांची पेढी उभी केली, आणि २०२० मध्यें त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनीं शाळा पाहिलेली नाहीं. वात्स्यायनानें गृहिणीला सांगितलेलें काम त्यांनीं वात्स्यायन न वाचतां केलें. कारण तें पुस्तकांतून नव्हे, परसांतून चालत आलें होतें. ज्या हातांत लेखणी नव्हती त्या हातांचें नांव एकदां तरी सरकारी कागदावर चढलें, याचें आम्हांस विशेष समाधान वाटतें. पण एका बाईच्या गौरवानें बाकीच्या परसांचें काम भागत नाहीं.

शहरांतील वाचक म्हणेल, आम्हांला परस कोठें आहे? त्याला आमचें उत्तर असें कीं, सज्जांतील एक कुंडी एका मिरचीच्या रोपाला पुरते, आणि खिडकीच्या गजांना एक वालाचा वेल पुरतो. घरचा भाजीखर्च त्यानें वांचणार नाहीं. तसा दावाही आम्ही करीत नाहीं. पण गांवाकडून कोणा मावशीनें दिलेल्या मूठभर बिया पेराव्या, त्यांतला चांगला वेल ओळखावा, त्याच्या चार शेंगा न तोडतां वाळूं द्याव्या, आणि पुढच्या मृगापर्यंत राखेंत घालून ठेवाव्या. ज्या दप्तराला कधींही कारकून मिळाला नाहीं, तें असेंच एका हातांतून दुसऱ्या हातांत चालत आलें आहे. त्यांतल्या चार बिया शेजारच्या घरींही द्याव्या. एकाच घरीं ठेवलेलें बीं एखाद्या वर्षीं किडतें.